भय गेले, आता आवर कोणाचा?

वर्षावासाचे दिवस होते. रत्नागिरीजवळच्या एका बौद्धवाडीत रात्रीचे ग्रंथवाचन आटोपले, सरणत्तयं झाले आणि माणसे छत्र्या शोधू लागली. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली एक आजी म्हणाली, “गुरुजी, एक विचारू? देव सोडले ते बरेच केले. देव्हारा उतरवला, नवस बंद केले, भगताकडे कोंबडे नेणे थांबवले. पण तेव्हा घरातला मुलगा वाकडे पाऊल टाकताना देवाला तरी भीत असे. आता त्याला भय कोणाचे?”

प्रश्न नुसता चर्चेचा नव्हता. आजीचा नातू शहरात कामाला जातो. शनिवारी मजुरी हातात पडते आणि रविवारच्या वंदनेला तो दिसत नाही. का दिसत नाही, हे वाडीत सर्वांना ठाऊक होते. त्याची आई खाली मान घालून बसली होती. मी पंचशीलाचे नाव घेतले, दोन वाक्ये बोललो. परंतु ते उत्तर माझे मलाच पुरे वाटले नाही.

हा प्रश्न एकट्या आजीचा नाही. जे कुटुंब नव्याने धम्मात येते, त्याच्या घरात तो आज ना उद्या उभा राहतोच. आपले टीकाकारही तोच विचारतात. ईश्वर तुम्ही मानत नाही, पापपुण्याचा हिशेब ठेवणारा कोणी वर बसला आहे असे मानत नाही, मग तुम्हाला आवरणार कोण? बंधुभगिनींनो, हा प्रश्न टाळून चालणार नाही. त्याचे उत्तर आपल्यापाशी नसेल, तर आपले धर्मांतर भिंतीवरची तसबीर बदलण्यापुरतेच झाले असे म्हणावे लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाट्याच्या पुलावरून जात होतो. काजळी नदी जेथे समुद्राला मिळते, ती ही खाडी. पलीकडे पुळण आणि सुरूची झाडे. पाऊस नुकता ओसरला होता. खाडीत होड्या नांगरलेल्या होत्या, काही वर ओढून झाकून ठेवल्या होत्या. जुलै महिना, मासेमारी बंद. त्या होड्या पाहता पाहता आजीच्या प्रश्नाचा एक धागा मला सापडला.

आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात होडी न लोटण्याचा रिवाज फार जुना आहे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहावा आणि मगच जाळे टाकावे, असा दंडक होता. समुद्र खवळलेला असे आणि दर्याच्या कोपाचे भयही असे. पुढे नौकांना यंत्रे बसली. लाटेचे भय कमी झाले, तसे दर्याच्या कोपाचेही कमी झाले. मग कायद्याची गरज भासली. महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला आणि अलीकडच्या वर्षांत १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. कारण उघड आहे. पावसाळ्याच्या या दिवसांत पुष्कळ जातींचे मासे अंडी घालतात. त्या वेळी जाळे टाकले तर पुढच्या हंगामात हाती काय लागणार?

आता तीन तांडेल कल्पा. पहिला दर्याच्या कोपाला भिऊन थांबतो. दुसरा गस्तीच्या नौकेला आणि दंडाला भिऊन थांबतो. तिसरा जाणतो की पाण्याखाली उद्याचा मासा वाढतो आहे, म्हणून थांबतो. तिघांच्याही होड्या काठाला आहेत. वरून पाहणाऱ्याला तिघांत काही फरक दिसणार नाही. परंतु पहिल्याला कोणी सांगू द्या की कोप वगैरे काही नसतो. दुसऱ्याला कळू द्या की आज गस्त नाही. त्या रात्री कोणाची होडी काठाला राहील?

आजीला वाटत होते की भय गेले म्हणून आवर गेला. वास्तविक जो केवळ भयावर उभा होता, तो आवर त्या माणसाचा कधी नव्हताच. तो पहारेकऱ्याचा होता. पहारेकरी उठला तसा तोही उठला.

याचा आणखी एक दाखला आपण दर वर्षी पाहतो. श्रावण पाळणारा माणूस महिनाभर दारूला शिवत नाही. त्याच्या आदल्या दिवशी, आषाढी अमावास्येला, महिन्याची उणीव भरून काढावी तसा पितो. त्या दिवसाला लोकांनी नावच ‘गटारी’ दिले आहे. कोणाची टिंगल करावी म्हणून मी हे लिहीत नाही. आपल्या आजे-पणजांनीही हे केलेले आहे. मला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. तीस दिवस जो न पिता राहू शकतो, त्याच्या अंगी न पिण्याचे सामर्थ्य आहे हे सिद्धच झाले. ते सामर्थ्य त्याचे स्वतःचे होते. पण त्याने ते श्रावणाच्या नावावर जमा केले. श्रावण संपला आणि सामर्थ्यही संपले असे तो समजला. आपल्याच बळाचा मालक दुसऱ्याला ठरवले की माणसाची अशी फसगत होते.

पूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी एक भाषण लिहिले होते. ते सभेत कधी झाले नाही, पुस्तकरूपानेच प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी नियम आणि तत्त्व यांतला भेद फार स्पष्टपणे मांडला आहे. नियम काय करायचे ते ठरवून देतो. तत्त्व कसे पारखायचे ते शिकवते. नुसत्या नियमाने चालणाऱ्याच्या कृतीत त्याची स्वतःची जबाबदारी उरत नाही, आणि जेथे जबाबदारी नाही तेथे खरा धर्म नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

ज्या वर्षावासात आपण ग्रंथवाचन करतो, त्याचा उगम पाहा. पावसाळ्यातही भिक्खू चारिका करीत हिंडत. त्यांच्या पायांखाली कोवळी पिके तुडवली जात, लहान जीव मरत. लोकांनी तक्रार केली. तथागतांनी ती रास्त मानली आणि पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. कोणी आकाशातून आज्ञा केली नाही. इजा दिसली, कारण समजले आणि नियम झाला. विनयातील नियम असे प्रसंगाप्रसंगाने झालेले आहेत. महापरिनिर्वाणापूर्वी तर तथागतांनी संघाला सांगितले की, इच्छा असेल तर माझ्यानंतर किरकोळ नियम रद्द करा. भयावर चालणारा धर्म असे बोलण्याचे धाडस करणार नाही.

शीलाचे शब्दही नीट ऐकावेत. आपण ‘समादियामि’ म्हणतो, म्हणजे ‘मी स्वतःहून स्वीकारतो’. ‘वेरमणी’ म्हणजे दूर राहणे, आणि ‘सिक्खापद’ म्हणजे शिकण्याची पायरी. यात आज्ञा करणारा कोणी नाही. बोलणारा मी आणि ऐकणाराही मीच.

मग धम्मात भय मुळीच नाही काय? तसेही नाही. तथागतांनी ‘हिरी’ आणि ‘ओत्तप्प’ या दोहोंना जगाचे रक्षक म्हटले आहे. हिरी म्हणजे स्वतःच्या मानाला न शोभणाऱ्या कृत्याची लाज. ओत्तप्प म्हणजे वाईट कृत्याच्या परिणामांची धास्ती. आपल्या पिण्याने बायकोच्या अंगावर वळ उठतील, मुलाची वह्यापुस्तके राहतील, याची धास्ती वाटलीच पाहिजे. हे भय डोळस आहे. ते कार्यकारणाकडे पाहते. नवसाने त्याला गप्प करता येत नाही, की नारळ फोडून त्याची समजूत काढता येत नाही.

मानसशास्त्रज्ञांनीही या प्रश्नाचा पुष्कळ अभ्यास केला आहे. अमेरिकेतील मायकेल मॅककलो आणि ब्रायन विलोबी यांनी २००९ साली धर्म आणि आत्मसंयम या विषयावरील तोवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. धार्मिक आचरण असलेल्या माणसांत संयम काहीसा अधिक आढळतो, असे त्यांना दिसले. हे आपण प्रामाणिकपणे मान्य करावे. पण त्याची कारणे शोधताना त्यांनी पुष्कळ गोष्टींचा विचार केला: धर्म माणसाला ध्येये ठरवून देतो, स्वतःकडे पाहण्याची सवय लावतो, प्रार्थना आणि ध्यान यांचा नित्य सराव घडवतो. म्हणजे वरून कोणी पाहतो या धास्तीखेरीज धर्माच्या पोटात आणखीही बरेच काही असते. देव सोडताना आपण त्या धास्तीबरोबर हा सरावही सोडून बसलो, तर आजीची तक्रार खरी ठरेल. भांडे फुटके निघाले म्हणून आतले धान्यही उकिरड्यावर टाकण्यासारखे ते होईल.

भयाशिवाय आवर शक्य आहे काय, याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे परिषद भरली. चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांना माहीत आहे. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या ढोरांचे मांस सोडण्यास सांगितले. आज हे वाचताना त्याची किंमत कळत नाही. पोटात आग होती. कोणत्याही देवाने ते मांस वर्ज्य केलेले नव्हते. उलट ते ओढणे आणि खाणे हेच तुमचे काम, असे गाव सांगत होते. नाकारणाऱ्यांना मार बसला, बहिष्कार पडला. तरीही वाडीमागून वाडी ते सोडत गेली. भुकेल्या माणसाने पुढ्यातले अन्न नाकारावे, याहून मोठा आत्मसंयम कोणता? तो भयाने आला नाही. भय तर सोडू नये म्हणून घातले जात होते. तो आला हिरीतून, स्वतःच्या मानाच्या जाणिवेतून. आणि तो टिकला, कारण तो एकट्याचा नव्हता. सगळ्या वाडीने मिळून ठरवले होते.

तेव्हा आजीच्या नातवाला भय दाखवण्याआधी आपण विचारावे: त्याच्या मनात स्वतःविषयी मान आहे काय, आणि त्याच्या बाजूला सोबत आहे काय?

येथे आपल्या घरांतली एक चूक सांगणे भाग आहे. काही आईबाप मुलांना म्हणतात, “खोटे बोलू नकोस, बुद्ध बघतो आहे.” कोणी म्हणतात, “बाबासाहेबांचा फोटो बघतोय हं!” हेतू चांगला असतो. पण जुना पहारेकरी घालवून त्याच्या जागी आपण नवा बसवला, एवढेच त्याने होते. ज्याने आयुष्यभर स्वतःच्या प्रज्ञेने चाला म्हणून सांगितले, त्यालाच आपण बागुलबुवा करतो. मुलाला कारण सांगावे. “तू खोटे बोललास तर उद्या तुझ्या खऱ्यावरही माझा विश्वास बसणार नाही,” हे सात वर्षांच्या मुलालाही समजते.

विश्वासावरून आणखी एक गोष्ट आठवते. भाट्याला १९५५ साली सुरू झालेले नारळ संशोधन केंद्र आहे. आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. बाणवली जातीच्या माडाचे रोप लावले की फळाला सहा-सात वर्षे लागतात. तेवढा काळ पाणी घालायचे, वाट पाहायची. पण ही वाट कोण पाहील? ज्याला खात्री आहे की सात वर्षांनी ही जमीन माझीच असेल. खोताची मर्जी फिरली की ज्या कुळाला जमिनीवरून उठावे लागे, ते माड कशाला लावील? आणि मग त्यालाच लोक म्हणणार, या जातीला उद्याचा विचारच नाही.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० नंतरच्या दशकात वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांवर प्रसिद्ध प्रयोग केले. मुलापुढे खाऊ ठेवायचा आणि सांगायचे, मी परत येईपर्यंत थांबलास तर दुप्पट मिळेल. जी मुले थांबली ती पुढे आयुष्यात सरस निघाली, असा निष्कर्ष गाजला. परंतु २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा घरची परिस्थिती जमेस धरताच तो संबंध बराचसा ओसरला. त्याआधी २०१३ साली रॉचेस्टर विद्यापीठातील संशोधकांचा एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. अठ्ठावीस मुले. निम्म्यांना मोठ्या माणसाने आधी दिलेला शब्द पाळून दाखवला, निम्म्यांना दिलेला शब्द मोडला. मग खाऊ ठेवला. शब्द पाळलेला पाहिलेली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. शब्द मोडलेला पाहिलेली तीन मिनिटे. प्रयोग लहान आहे, पण त्याचा अर्थ आपल्याला शिकवावा लागत नाही. ज्याला दिलेले शब्द वारंवार मोडले गेले, त्याने हाती आहे ते आजच खाल्ले, तर तो दुबळा नव्हे. त्याने जगाचा अनुभव घेतलेला आहे.

म्हणूनच बाबासाहेबांनी दोन्ही बाजूंनी काम केले. १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्म दिला, बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत चोरी, खोटेपणा आणि दारू यांपासून दूर राहण्याच्या प्रतिज्ञा आहेत. बाहेरचा उद्या भरवशाचा करणे आणि आतले मन भरवशाचे करणे, ही दोन्ही कामे त्यांनी एकाच माणसासाठी केली. आपणही घरात तेच करावे. मुलाला दिलेला लहानसा शब्दसुद्धा पाळावा. त्यातूनच त्याला थांबणे शिकता येते.

आता शनिवारच्या संध्याकाळकडे वळू. दृढनिश्चयी माणूस मोहाशी सतत झुंजत असतो, असे आपल्याला वाटते. जर्मनीतील वुर्झबर्ग परिसरात २०५ प्रौढ माणसांच्या दिवसभरातील इच्छांची नोंद घेण्यात आली. तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात उलटेच दिसले. संयमी माणसांना मोहाशी झगडावे लागल्याचे प्रसंगच कमी होते. मोहाची जागा ती मुळात टाळत असावीत, असे त्यावरून संशोधकांना वाटले. आपल्या पाचव्या शीलात हेच सांगितले आहे. मद्याला त्यात ‘पमादट्ठान’ म्हटले आहे, म्हणजे प्रमादाचे, बेसावधपणाचे ठाणे. ठाण्यात शिरून शुद्ध राखण्याची पैज मारू नये. ठाण्याच्या वाटेलाच जाऊ नये. नातवाने शनिवारी वेगळ्या रस्त्याने यावे. मजुरी घेताना घरचे कोणी सोबत असावे. त्या संध्याकाळी त्याच्या वयाची चार मुले विहारात काही कामासाठी जमावीत. ही बारीकसारीक व्यवस्था शंभर शपथांहून अधिक काम करते.

तथागतांनी स्मृतीला, म्हणजे सतीला, नगराच्या शहाण्या द्वारपालाची उपमा दिली आहे. तो ओळखीच्याला आत घेतो, अनोळख्याला दारातच थांबवतो. हा द्वारपाल आपल्याच घरचा असतो आणि तो सरावाने तयार होतो. अमेरिकेत सिअॅटलजवळच्या एका तुरुंगात कैद्यांसाठी दहा दिवसांचे विपश्यना शिबिर झाले. सुटकेनंतर त्यांचे दारू व मादक पदार्थांचे सेवन इतर कैद्यांपेक्षा कमी आढळले, असे २००६ साली प्रसिद्ध झाले. शिबिराला बसणारे स्वखुशीने बसले होते, हे लक्षात ठेवून त्याचा जेवढा अर्थ घ्यायचा तेवढाच घ्यावा. परंतु रोज संध्याकाळी दहा मिनिटे शांत बसून, आज माझे कोणते शील कोठे ढळले हे पाहायला शिबिराचीही गरज नाही.

एक सूचना मात्र आवर्जून. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी बंद केले तर शरीराला धोका होतो. त्याला डॉक्टरकडे न्यावे. व्यसन हा आजारही आहे. पुण्याला १९८६ पासून ‘मुक्तांगण’ हे काम करीत आहे. अशा संस्थांची मदत घेण्यात कमीपणा नाही.

हे सारे मनात जुळवून मी पुढच्या रविवारी पुन्हा त्या वाडीत गेलो आणि आजीला जमेल तसे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “समजा त्याने शील घेतले आणि आठ दिवसांनी मोडले. मग काय? पूर्वी देवाची शपथ मोडली की माणूस घाबरून आणखीच प्यायचा. कोप होणारच आहे, तर होऊ दे म्हणायचा.”

आजीने ओळखलेले हे सत्य व्यसनांचे अभ्यासक अॅलन मार्लाट यांनी १९८५ च्या ग्रंथात सविस्तर मांडले आहे. एकदा तोल गेला की माणूस ‘आता सगळेच बुडाले’ असे मानतो, आणि एका पेल्याचा घसरणे आठवड्याचे होते. भयाचा धर्म मोडलेल्या शपथेला शिक्षा सांगतो. म्हणून माणूस ते लपवतो, आणि लपवण्यासाठी पुन्हा पितो. शील ही शिकण्याची पायरी आहे. पायरीवरून पाय घसरला तर त्याच पायरीवर पुन्हा पाय ठेवायचा असतो. म्हणूनच आपण पंचशील आयुष्यात एकदाच घेऊन थांबत नाही. प्रत्येक वंदनेला पुन्हा घेतो. ज्याचे मोडले त्याने वंदनेला तर आधी यावे.

“म्हणजे मोडले तरी तो येथे येऊ शकतो?” त्याची आई म्हणाली. आठ दिवसांत ती प्रथमच माझ्याशी बोलत होती.

मी म्हणालो, “येऊ शकतो. त्याला बोलावून आणायचे काम मात्र आपले आहे.”

वाडीतले दोन तरुण काही न बोलता उठले आणि त्याच्या घराकडे गेले. तो त्या दिवशी आला की नाही, हे मी लिहीत नाही. ती त्याची गोष्ट आहे. पण आपापल्या वाडीत कोणाचे दार ठोठवायचे राहिले आहे, हे वाचकांनी येत्या पौर्णिमेपूर्वी पाहावे.

जयभीम.